अखेरच्या टप्प्यातील रुग्णासाठी सेवा निवडताना: गोव्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

"आता यांना घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला," असे डॉक्टर सांगतात, तेव्हा बहुतेक कुटुंबांना त्यातून एवढेच ऐकू येते की करण्यासारखे काही उरले नाही. प्रत्यक्षात संपलेले असतात ते आजार बरा करण्याचे उपचार. वेदना, धाप, उलट्या, बद्धकोष्ठ, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), रात्रीची तगमग आणि मनातली भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते करणारी प्रशिक्षित माणसेही असतात. डिचोलीच्या आमच्या घरी सासूबाईंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा यातले जवळजवळ काहीच आम्हाला ठाऊक नव्हते आणि पहिली निवड आमची चुकलीही. हा लेख अशाच, पहिल्यांदा या प्रसंगात सापडलेल्या कुटुंबांसाठी आहे.

दोन शब्द आधी समजून घ्यावेत. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा. ती निदान झाल्या दिवसापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेही घेता येते. हॉस्पिस म्हणजे याच सेवेचा शेवटचा टप्पा, जेव्हा मूळ उपचार थांबवलेले असतात. हॉस्पिस ही इमारत असू शकते, तशीच घरी येऊन दिली जाणारी सेवाही असू शकते. गोव्यात या शब्दाचा एक खास घोटाळा होतो. मडगावच्या जुन्या सरकारी इस्पितळाला लोक आजही हॉस्पिसियो म्हणतात, जसे म्हापशाच्या इस्पितळाला आझिलो. दोन्ही नावे पोर्तुगीज काळातील आश्रयगृहांची आहेत. त्यामुळे घरात "हॉस्पिस" म्हटले की वडीलधाऱ्यांना मडगावची खाट आठवते आणि बोलणे तिथेच अडते. आमच्याकडे दोन दिवस अडले होते.

पुढे अनेक प्रश्न सुचवले आहेत, पण माझ्या मते ते सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: रात्री दोन वाजता दुखणे वाढले तर फोन कोण उचलणार, आणि उचलणाऱ्याच्या हातात नेमके काय असणार? कोणत्याही संस्थेशी बोलताना हा प्रश्न मनात धरून बोलावे.

शोध घेण्यापूर्वी

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेगळी वेळ मागून घ्यावी. वॉर्डाच्या दारात उभ्याउभ्या हे बोलणे होत नाही. "किती दिवस?" या प्रश्नाला खात्रीचे उत्तर कुणाकडेच नसते. त्यापेक्षा "पुढच्या काही आठवड्यांत यांना कोणता त्रास होण्याची शक्यता आहे आणि तेव्हा आम्ही काय करायचे?" असे विचारले तर उपयोगी पडणारे उत्तर मिळते. आजाराचे नाव, टप्पा, झालेले उपचार, सध्याची औषधे आणि मूळ उपचार थांबवल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले डिस्चार्ज कार्ड घ्यावे आणि त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात, कारण यापुढे प्रत्येक ठिकाणी तेच आधी मागतात.

दुसरे बोलणे रुग्णाशी. आपल्याकडे कॅन्सर हा शब्द रुग्णापासून लपवण्याची रीत आहे आणि तिच्यामागे प्रेमच असते. परंतु बहुतेक वेळा रुग्णाला सारे कळलेले असते आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोच गप्प राहतो. आजाराचे नाव न घेताही "तुम्हाला कुठे बरे वाटेल, इथे की इस्पितळात?" असे विचारता येते. सासूबाईंनी उत्तर दिले नाही, फक्त त्यांची खाट मागच्या खोलीतून काढून अंगणाच्या खिडकीशी लावायला सांगितली. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

तिसरी गोष्ट म्हणजे घराची मोजदाद. रात्री जागे राहू शकणारी माणसे किती? मुलगा आखातात किंवा पुण्यात आणि घरात सत्तरीची पत्नी एकटी, असे असेल तर "घरीच ठेवू" हा भावनेचा निर्णय आठवड्याभरात त्या पत्नीलाच आजारी पाडतो. न्हाणीघर किती लांब आहे, उंबरठे किती आहेत, पावसाळ्यात वीज गेली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे यंत्र) किंवा हवेची गादी कशावर चालणार, हेही पाहावे लागते. इन्व्हर्टरवर काय चालते आणि किती वेळ चालते, ते आधी चालवूनच पाहावे.

गोव्यात चौकशी कोठे करावी

दाखल करून घेणारी, केवळ याच कामाला वाहिलेली संस्था म्हणून लोटलीच्या शांती अवेदना सदनाचे नाव आधी घ्यावे लागते. भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला याच संस्थेने सुरू केले आणि लोटलीचे सदन तिचेच आहे. तेथील सेवा मोफत आहे आणि ती कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णांसाठी आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा आजार अथवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णासाठी दुसरा मार्ग शोधावा लागतो, म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात निदान सांगावे. खाट रिकामी आहे का आणि दाखल करण्यासाठी कोणते कागद लागतील, हे विचारल्याशिवाय रुग्णाला गाडीत घालून नेऊ नये; पेडणे किंवा सत्तरीतून लोटलीपर्यंतचा प्रवास दुखणाऱ्या माणसासाठी लहान नसतो.

सरकारी बाजूला बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ), म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे आणि आपल्या भागातील आरोग्य केंद्र ही चौकशीची ठिकाणे आहेत. तेथे "वेदना आणि पॅलिएटिव्ह केअर कोण पाहतात, कोणत्या वारी, आणि घरी भेट देण्याची सोय आमच्या गावापर्यंत आहे का?" असे नेमके विचारावे. "काही मदत मिळेल का?" असे मोघम विचारल्यास उत्तरही मोघमच मिळते. गोमेकॉत ज्या विभागात उपचार झाले, तेथील वॉर्डाच्या नर्सला बाजूला विचारून पाहावे, असा माझा सल्ला आहे. कोणत्या घरी कोण वेळेवर पोहोचले, याची माहिती त्यांना साहेबांपेक्षा अधिक असते.

खासगी इस्पितळे, स्वयंसेवी संस्थांची घरी येणारी पथके आणि केअरटेकर पुरवणारे ब्युरो हेही पर्याय आहेत. यातील ब्युरोबाबत एक फरक पक्का लक्षात ठेवावा. ब्युरो माणूस पुरवतो, वैद्यकीय सेवा पुरवत नाही. त्या माणसाच्या मागे औषध बदलू शकणारा डॉक्टर नसेल, तर ती चांगली सोबत असेल, पण हॉस्पिस नव्हे. आम्ही इथेच चुकलो. एका ब्युरोने "ट्रेंड नर्स" म्हणून पाठवलेली मुलगी स्वभावाने गोड होती, परंतु लघवीची पिशवी तिने खाटेवर, सासूबाईंच्या कुशीशी ठेवली होती. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी लागते, नाहीतर लघवी उलट फिरून जंतुसंसर्ग होतो. हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. त्या रात्री ताप चढला, ब्युरोचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

घर कोठे आहे, हाही निवडीचाच भाग आहे. "आम्ही संपूर्ण गोव्यात सेवा देतो" हे वाक्य पणजीत बसून सोपे असते. तुमचे घर दिवाडीला किंवा चोडणला असेल, तर रात्रीच्या फेरीबोटीचा हिशेब त्यांनी केला आहे का, ते विचारावे. केरी, सुर्ल किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यांवरील कुटुंबांनी याआधी त्या भागात किती घरी गेला होता, असे स्पष्ट विचारावे. पथक प्रत्यक्ष येऊ शकणार नसेल, पण डॉक्टर फोनवर असतील आणि लागणारी औषधे आधीच घरात देऊन ठेवणार असतील, तर तीही चालण्यासारखी व्यवस्था आहे. मात्र ती तशी आहे, हे पहिल्या दिवशीच कळले पाहिजे.

मॉर्फिन: ज्यावरून सेवा ओळखता येते

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे आजही मुख्य औषध आहे, आणि कोपऱ्यावरच्या फार्मसीत ते सहसा मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक इस्पितळांनी ते ठेवणेच सोडून दिले होते. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थांना मॉर्फिनसारखी अत्यावश्यक औषधे ठेवणे आणि देणे सोपे झाले. म्हणून कोणत्याही संस्थेला विचारावे: तुम्ही मान्यताप्राप्त संस्था आहात का? मॉर्फिन तुमच्याकडेच मिळते की आम्हाला दुसरीकडून आणावे लागेल? किती दिवसांचे एकदम देता? गोळ्या शनिवारी संध्याकाळी संपल्या तर काय?

उत्तरात चाचपडणे दिसले, किंवा "आम्ही शक्यतो मॉर्फिन देतच नाही" असे ऐकू आले, तर स्वादुपिंड, हाडे किंवा मज्जातंतूंच्या वेदना असलेल्या रुग्णासाठी दुसरी संस्था शोधावी. इमारत कितीही स्वच्छ असली तरी माझे मत बदलणार नाही.

या औषधाबद्दल घरच्यांनाही थोडे माहीत असावे, म्हणजे सेवा देणारे ते नीट देत आहेत का, हे कळते. साध्या मॉर्फिनची गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. मधेच दुखले तर द्यायचा जादा डोस लिहून दिलेला असावा लागतो. बद्धकोष्ठ जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत हवे. ज्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिले आणि रेचक लिहिले नाही, त्यांना तिथल्या तिथे विचारावे. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते, ती बहुधा ओसरते. जास्त वेळ टिकणाऱ्या गोळ्या असतील तर त्या चुरडून पाण्यातून देऊ नयेत. फेन्टॅनिल या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची चिकटपट्टी लावली असेल तर ती सामान्यतः तीन दिवसांनी बदलतात आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवत नाहीत.

आणि शेजारणी सांगतील की या गोळ्यांचे व्यसन लागते, माणूस लवकर जातो. वेदनेसाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने असे होत नाही. सासूबाईंच्या गोळ्या आम्ही मुखवासाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठेवत होतो आणि प्रत्येक डोसची वेळ कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहीत होतो. पुढे आलेल्या नर्सने पहिल्यांदा मागितले ते हे पान. सहाच्या आणि दहाच्या डोसांमध्ये वारंवार जादा गोळी लागल्याचे तिने दाखवून दिले आणि डॉक्टरांशी बोलून मूळ डोसच वाढवून घेतला. त्या रात्री घरातले सगळे झोपले.

पहिल्या भेटीत काय पाहावे

माहितीपत्रकापेक्षा पहिली भेट अधिक सांगते. ब्युरोचा अनुभव घेतल्यावर ज्या पथकाकडे आम्ही गेलो, त्यांची नर्स आली तेव्हा तिने फाईल उघडली नाही. आधी खाटेशी खुर्ची ओढून बसली, सासूबाईंना नावाने हाक मारून "आई, रात्री झोप लागते का?" असे विचारले, मग पांघरूण वर करून दोन्ही टाचा आणि माकडहाड पाहिले, कारण शय्याव्रणाची सुरुवात तिथली लाली दाबूनही जात नाही तेव्हा होते. त्यानंतर तिने मोबाईलचा उजेड तोंडात धरला. जिभेवर आणि गालाच्या आतून पांढरे थर होते. आठ दिवस आम्ही समजत होतो की आई हट्टाने जेवत नाहीत. त्यांना बुरशीच्या संसर्गाने गिळताना आग होत होती. तोंडात लावायचे औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पेज मागितली, सोबत आंब्याच्या लोणच्याचा खार. ही दोन मिनिटांची तपासणी आधी कुणीच केली नव्हती.

म्हणून पहिल्या भेटीला आलेला माणूस रुग्णाला हात लावतो का, वेदना शून्य ते दहा अशी किंवा "थोडे, मध्यम, फार" अशी मोजून लिहून ठेवतो का, आणि कूस बदलणे, तोंड पुसणे, चादर ओढणे हे घरच्यांना करून दाखवतो का, याकडे लक्ष द्यावे. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते आणि हवेची गादी असली तरी ती बदलावीच लागते. पथकात डॉक्टर, नर्स आणि कुटुंबाशी बोलणारे समुपदेशक किंवा समाजसेवक असे कोण कोण आहेत, आठवड्यातून किती भेटी आणि रविवारी व चतुर्थीच्या दिवसांत काय व्यवस्था, हे विचारून तारखेसह लिहून घ्यावे. रात्रीचा जो नंबर देतील, त्यावर एका संध्याकाळी उशिरा खरोखर फोन करून पाहावा. यात संकोच नको. चांगल्या पथकाला याचा राग येत नाही.

एक प्रश्न आणखी मुद्दाम विचारावा: "रुग्णाने खाणे सोडले तर तुम्ही काय कराल?" शेवटच्या आठवड्यांत भूक मंदावणे हा आजाराचाच भाग असतो आणि बळेबळे भरवले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. "लगेच नळी घालू, सलाईन लावू" हे सरसकट उत्तर मला पटत नाही. "कशामुळे खात नाहीत ते आधी पाहू, उपाय होण्यासारखा असेल तर करू, नसेल तर ओठ आणि तोंड ओले ठेवू आणि घरच्यांशी बोलू" हे उत्तर देणाऱ्यांना काम कळते. आपल्या घरांत जेवण म्हणजे माया, त्यामुळे हा भाग घरच्यांना फार जड जातो.

दाखल करायचे असेल तर भाषा आणि श्रद्धा यांविषयीही आधीच बोलावे. कोंकणी किंवा मराठीत बोलणारे कुणी रात्रपाळीला असते का, देवाची तसबीर उशाशी ठेवता येईल का, शेवटी गंगाजल देण्यासाठी घरच्यांना बोलावतील का, जेवण शाकाहारी मिळेल का किंवा घरून आणलेले चालेल का, कोण किती वेळ सोबत राहू शकते, एवढे विचारावे. ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेल्या संस्थेत आपल्या माणसाचे कसे होईल, अशी शंका काही हिंदू कुटुंबांना असते. ती मनात न ठेवता तिथे जाऊन, एक दुपार बसून, इतर रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलून फेडून घ्यावी.

खर्च

मोफत सेवा कोणती आणि शुल्क कशाचे, हे लेखी घ्यावे: भेटीचे, औषधांचे, उपकरणांच्या भाड्याचे, रात्रीच्या फोनचे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड पाच वर्षांहून अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांना मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तीत तरतूद आहे. ती ठरावीक उपचारांसाठी आहे, तेव्हा घरची शुश्रूषा तिच्यात बसेल असे गृहीत धरू नये; इस्पितळात या योजनेच्या खिडकीवर विचारावे. खासगी मेडिक्लेममध्येही बहुधा दाखल होण्याची अट असते. खाट, व्हीलचेअर, कॉन्सन्ट्रेटर विकत घेण्याची घाई करू नये. आमच्या वाड्यावर एकाच्या घरची खाट आतापर्यंत चौथ्या घरी गेली आहे.

कागदपत्रे

अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, छाती दाबून पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न हे हवे की नको, याबद्दल रुग्णाची इच्छा असेल तर ती शुद्धीवर असतानाच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले, तेव्हापासून इथल्या लोकांना हा प्रकार थोडाफार परिचित झाला आहे. हे मालमत्तेचे मृत्युपत्र नव्हे. गोव्यात मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळ्या कायद्याने होते आणि त्यासाठी वेगळे बसावे लागते; दोन्ही एका कागदात कोंबू नयेत. निवडलेल्या संस्थेला वैद्यकीय इच्छापत्राची प्रत द्यावी आणि ते त्याप्रमाणे वागतील का, असे विचारावे. घाबरून कुणी रुग्णवाहिकेच्या १०८ ला फोन केला, तर येणारी माणसे जीव वाचवण्याचाच प्रयत्न करणार. तेव्हा आधी पथकाला फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, शेजारच्या घरालाही, सांगून ठेवावे.

मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला कोण देणार, हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारावाच. पथकाचे डॉक्टर देणार की गावातले फॅमिली डॉक्टर, आणि मध्यरात्री झाले तर कोण येणार? पंचायतीत किंवा पालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि त्या दाखल्याशिवाय पुढे बँकेपासून सगळीकडे खोळंबा होतो.

निवड चुकली तर

बदलावी. भेटी चुकू लागल्या, वेदना दोन दिवसांहून अधिक आवाक्याबाहेर राहिली, फोन लागेनासा झाला, तर भीड बाजूला ठेवून दुसरीकडे जावे. घरी सुरू केलेली सेवा नंतर संस्थेत, किंवा उलटही, नेता येते; एकदा घरी आणले म्हणून शेवटपर्यंत घरीच, असा नियम नाही. कागदांच्या प्रती आणि डोसांचे पान जवळ असेल तर नव्या पथकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सगळे झाल्यावर उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नयेत आणि कुणाला देऊही नयेत. ज्या संस्थेकडून घेतल्या, तिथेच परत कराव्यात. बाराव्यानंतर नर्स आमच्याकडे आली, तेव्हा तिने डबा जेवणाच्या टेबलावर उपडा करून गोळ्या मोजल्या, आमच्या पेन्सिलीच्या पानाशी हिशेब जुळवला आणि वहीत सही घेतली. मग "तुम्ही झोपता का आता?" असे माझ्या नवऱ्याला विचारून ती चहाला थांबली.